चाबीवाले साहेब

साहेबांना मी पहिल्यांदा हेल्मेटशिवाय पाहिलं तेव्हा ओळखलंच नाही. परवान्याच्या कामासाठी नगर परिषदेत गेले होते. खुर्चीत टक्कल पडलेला, बारीक चेहऱ्याचा एक माणूस बसला होता आणि मी त्यालाच विचारलं, "साहेब कुठी भेटतीन?" त्यांनी टेबलावरचं हेल्मेट उचललं, डोक्यात घातलं, काच वर केली आणि म्हणाले, "बोल."

मला ते आवडायचे नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की सगळ्यांचीच जीभ गोड होते.

वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, गोष्टीतले बरेच लोक अजून त्याच ऑफिसात आहेत. मी मूळची मेडशीची. डी.एड. केलं, शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता लग्न झालं, लग्नानंतरही वाट पाहणं चालूच राहिलं. शेवटी नवऱ्याने आणि मी एक जुना छोटा टेम्पो घेतला, त्याच्या बाजूला पत्रा कापून खिडकी काढली, आत बाबासाहेबांचा फोटो लावला आणि एसटी स्टँडसमोर आलूबोंडा आणि चहा विकायला उभे राहिलो. मोठ्या शहरांत याला फूड ट्रक म्हणतात. आमच्याकडे नुसतं गाडी म्हणतात. अशा गाड्यांची तिथे एक लांब रांगच होती. कोणाची ज्यूसची, कोणाची कचोरीची, कोणाची भरीत-भाकरीची. या सगळ्या गाड्यांचे परवाने देणं, त्या तपासणं आणि चुकलं की दंड लावणं हे साहेबांचं काम होतं.

स्कूटीवरून उतरले तरी ते हेल्मेट काढत नसत. मे महिन्यात, स्टँडचं डांबर चपलेला चिकटायला लागलं तरी नाही. बोलायचं असलं की काच वर करायचे, बोलून झालं की काच खाली. काच खाली आली की विषय संपला. मग तुम्ही कितीही हात जोडा, आतून काही उत्तर यायचं नाही. ज्यूसवाला भाऊ म्हणायचा, "साहेबाचं तोंड शटरचं हाये." मी एकदा मुद्दाम काचेवर बोट वाजवलं होतं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या पाण्याच्या ड्रमला झाकण नाही म्हणून दंड झाला. झाकण नव्हतं हे खरं होतं.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. प्रत्येकाला ते पदार्थावरून हाक मारायचे. मी आलूबोंडा. माझ्या पलीकडचा ज्यूस. "ए कचोरी, हात धुतले का?" असं भर गर्दीत ओरडायचे आणि कचोरीवाला, घरी दोन सुना आलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखे हात पुढे करून दाखवायचा.

आमचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. बाकीचे साहेब लोक येतात, उभ्याउभ्या चहा-भजी हाणतात, तोंड पुसून जातात. हे स्वतःचा थर्मास घेऊन यायचे. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण ते थर्मासाच्या झाकणात स्वतःचा चहा ओतून आम्हालाच पाजायचे. साखर नाही, दूध नावाला, वरून सुंठ. "घे. सरकारी मानसानं फुकट पाजला, कुठी पाहलं?" नाही म्हणायची सोय नव्हती. दिवसभर चहा विकणारी मी तो चहा डोळे मिटून प्यायचे.

छापील कागदावर भजी, आलूबोंडा काही दिलेलं त्यांना चालायचं नाही. कोणी पेपरात बांधताना दिसलं की ते तो तेलकट तुकडा गिऱ्हाइकाच्या हातातून काढून घ्यायचे आणि त्यावरची बातमी मोठ्याने वाचायचे. "तूर भावात घसरण. आता हे तुमच्या पोटात जाईन. जाऊ द्याची का?" गिऱ्हाईक हसायचं, आम्ही मनातल्या मनात शिव्या द्यायचो. हळूहळू रांगेतला पेपर बंद झाला, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

पण त्यांचं खरं वेड होतं चाबीचं. रोज सकाळी रांगेच्या एका टोकापासून सुरू करायचे आणि प्रत्येक गाडीसमोर उभं राहून म्हणायचे, "चाबी फिरव." म्हणजे गाडी चालू करून दाखव. आमचे परवाने होते फिरत्या वाहनावरून खाद्यपदार्थ विकण्याचे. साहेबांचं म्हणणं असं की फिरतं लिहिलंय तर फिरलं पाहिजे. चालू होते, पुढे-मागे होते, तर ती गाडी. होत नाही, तर ते रस्त्यावरचं बांधकाम, आणि बांधकामाला परवाना नाही. "नियम माह्या बापानं नाही केला," असं म्हणायचे, आणि समोरचा तोंड उघडायच्या आत, "तुह्या बापानंही नाही केला." की काच खाली.

आता गंमत अशी की रांगेतली जवळजवळ एकही गाडी नीट चालू होत नव्हती. रोज एकाच जागी उभी राहणारी गाडी चालू ठेवणार कोण? टायर उभ्याउभ्या सडतात, म्हणून आम्ही सगळ्यांनी चाकांच्या बाजूला विटांचे थर लावून गाड्या त्यांच्यावर चढवल्या होत्या. बॅटऱ्या काढून लाइटला जोडल्या होत्या. कोणी समोर फरसबंदीचे गट्टू बसवले होते, कोणी गिऱ्हाइकांसाठी सिमेंटचा ओटा बांधला होता. माझ्या गाडीवरचा पत्रा तर मागच्या कडुलिंबाच्या झाडाला तारेने बांधलेला होता. साहेब रोज ओरडायचे, अधूनमधून दंड लावायचे, आम्ही भरायचो आणि विटा जागच्या जागी राहायच्या.

आम्ही इतके निर्धास्त होतो त्याला कारण होतं. रांगेच्या बरोबर मध्ये भरीत-भाकरीची एक व्हॅन होती आणि ती साहेबांच्या सख्ख्या बहिणीची होती.

ती साठीच्या घरातली बाई होती. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, आम्हीही सगळे तिला बाईच म्हणायचो. त्यांचं घराणं गावाच्या कडेला भाजीपाला पिकवणारं. आई लवकर गेली तेव्हा साहेब अगदी लहान होते. या मोठ्या बहिणीनेच त्यांना न्हाऊ-माखू घालून वाढवलं. मग ती लग्न होऊन केनवडला गेली, नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, माहेरच्या गावी परत आली. भावाच्या घरी राहिली नाही. वेगळी खोली केली, जुनी व्हॅन घेतली आणि माहेरच्या मळ्यातली वांगी भाजून भरीत विकायला लागली. तिच्या भरताला दुपारी रांग लागायची. वकील यायचे, एसटीचे ड्रायव्हर यायचे.

तिच्या व्हॅनला इंजिनच नव्हतं. ते बिघडलं तेव्हा तिने भंगारात देऊन टाकलं आणि सीटखालच्या त्या जागेत कांद्याचं पोतं ठेवलं. साहेब रोज तिच्याही समोर उभे राहायचे.

"भरीत, चाबी फिरव."

ती भाकर थापता थापता म्हणायची, "नाही फिरत."

"काहून नाही फिरत?"

"इंजिन नाही त काय फिरवू, तुह्यं डोस्कं?" आणि सीट उचलून कांदे दाखवायची. "घे. कर चालू."

"हे वाहन नाही. हे खोली हाये."

"खोली त खोली. तुले कायले झोंबते?"

काच खाली. आम्हाला हा रोजचा तमाशा होता. भाऊबीजेला साहेब तिच्या खोलीवर जाऊन ओवाळून घ्यायचे, दोघं पोटभर जेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, "भरीत, चाबी फिरव." एका रविवारी तर ते मेकॅनिकला सोबत घेऊन, हातगाडीवर एक जुनं इंजिन घालून आले. बाईने दोघांना पिटाळून लावलं. "मले का आता मुंबईले न्यायची हाये गाडी? अन् तुह्या उपकाराचं इंजिन माह्या बुडाखाली नोको."

ज्यूसवाला भाऊ आमच्यातला राजकारणी. तो सांगायचा, "जोवर बाईची गाडी विटांवर उभी हाये, तोवर आपल्याले कोनी हात लावत नाही. साहेब सोताच्या बहिणीची गाडी पाडते का?" हे आम्हा सगळ्यांना इतकं पटलं होतं की आम्ही साहेबांच्या तोंडाकडे पाहायचं सोडून दिलं. पाहायचं ते बाईच्या व्हॅनकडे. ती उभी आहे ना, मग झालं. साहेब रोज आम्हाला जे ओरडून सांगायचे ते त्यांच्याच बहिणीची गाडी रोज खोटं पाडायची, आणि आम्ही तिच्यावर विश्वास ठेवायचो.

मग नवे मुख्याधिकारी आले. स्टँडसमोरचा रस्ता रुंद करायचं ठरलं. भोंगा लावलेला ऑटो गावभर फिरला. ज्या गाड्या स्वतःच्या चाकांवर जातील त्यांना बाजाराच्या मागच्या मैदानावर जागा मिळेल, ज्या जागेवरून हलणार नाहीत त्या तिथेच तोडल्या जातील. असं भोंग्यात चार-दोन वर्षांनी कोणीतरी बोलतंच, म्हणून आम्ही आलूबोंडे तळत राहिलो. साहेब मात्र त्या दिवसांत दुपारीही यायला लागले. काच वरच ठेवून फिरायचे.

"आलूबोंडा, विटा काढ. आजच काढ."

"काढू ना साहेब," मी म्हणाले आणि बाईच्या व्हॅनकडे पाहिलं. ती विटांवर होती. मी विटा काढल्या नाहीत.

ज्या सकाळी जेसीबी आला त्या सकाळीही आमचे चेहरे शांतच होते. पोलीस होते, मुख्याधिकाऱ्यांची जीप होती. ज्यूसवाला टोकाला असल्यामुळे तो जरा चुळबुळत होता, पण तोही मान उंच करून रांगेच्या मध्याकडे बघत होता. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "कुठून सुरू करायचं?" साहेबांनी हात केला. "मधातून. भरतापासून."

ते चालत व्हॅनपाशी गेले. म्हणाले, "बाई, खाली उतर." त्या रांगेत त्यांनी तिला बाई म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"नाही उतरत. पाड माह्या अंगावरून."

व्हॅनचं छत ठेंगणं होतं, हेल्मेट घालून आत शिरता येईना. साहेबांनी हेल्मेट काढलं आणि जवळ मी उभी होते म्हणून माझ्या हातात दिलं. आतून ते घामाने ओलं झालं होतं. मग ते आत शिरले आणि एकेक वस्तू बाहेर आणायला लागले. शेगडी, तवा, परात, पिठाचा डबा, वांग्यांची टोपली, पैसे आल्याचं बोलून सांगणारा तो स्कॅनरचा डबा. एकाही शिपायाला हात लावू दिला नाही. सगळं फूटपाथवर ओळीने नीट मांडलं. सीट उचलून कांद्याचं पोतंही पाठीवर घेऊन बाहेर आणलं. शेवटी आत फक्त बाई राहिली.

"चाल, बाई."

"तुले मांडीवर घेऊन भाकर चारली मी, बापू."

"हो."

"अन् तू माही भाकर मोडून राह्यला?"

"हो, बाई."

त्यांनी हात पुढे केला होता. तिने तो घेतला नाही. दाराचा दांडा धरून ती एकटी उतरली आणि पोत्याजवळ जाऊन पाठ करून बसली. साहेबांनी माझ्या हातातून हेल्मेट घेतलं, घातलं, काच खाली केली आणि जेसीबीवाल्याला खूण केली.

पत्रा फाटल्याचा तो आवाज आला आणि सगळी रांग एकदम धावायला लागली. कोणी जॅक शोधतोय, कोणी लाथांनी विटा उडवतोय, कोणी गट्टूत रुतलेलं चाक उकरतोय. मी लिंबाची तार दातांनी तोडायला निघाले होते, एका पोलिसाने पक्कड आणून दिली. माझा नवरा स्टेअरिंगवर आणि मागून मी, कचोरीवाला आणि तो पोलीस, असा आमचा टेम्पो आम्ही धक्का मारत वळणापर्यंत नेला. तिथे तो एकदाचा खोकलला आणि चालू झाला. बाईची व्हॅन जुन्या घडणीची, मजबूत होती. ती मोडायला जेसीबीला बराच वेळ लागला. तेवढ्यात बाकी रांग निघून गेली होती. मागे ओटे आणि विटा तेवढ्या राहिल्या.

यावर आमच्यात आजही भांडणं होतात. ज्यूसवाला म्हणतो, साहेबांनी आपल्याला वाचवायला सख्खी बहीण उघड्यावर आणली. कचोरीवाला म्हणतो, नव्या मुख्याधिकाऱ्यापुढे नाव कमवायला आणली. मी धीर करून एकदा त्यांनाच विचारलं. त्यांनी काच वर केली, "मधात होती म्हणून," एवढं बोलले, काच खाली. मला एवढंच माहीत आहे की टोकापासून सुरुवात झाली असती तर शेवटपर्यंत मी बाईच्या व्हॅनकडे बघत उभी राहिले असते. आज माझी गाडी आहे ती तिची मोडली म्हणून आहे. याबद्दल साहेबांचे आभार मानावेत असं मला कधी वाटलं नाही. बाईच्या तोंडाकडे मात्र बरेच दिवस पाहवलं नाही.

मैदानावर जागा मिळाली ती नाल्याच्या पुलापलीकडे. पुलावरून वर यायला चांगलाच चढ आहे. काही दिवसांनी त्या चढावरून बाई हातगाडी ढकलत वर आली. तीच शेगडी, तोच तवा. साहेब तपासणीला आले तेव्हा आम्ही सगळे हातातली कामं सोडून बघायला लागलो. त्यांनी एका हाताने हातगाडी थोडी पुढे ढकलली, थोडी मागे ओढली. "फिरते," म्हणाले. बाई भाकरीवरून मान वर करायला तयार नव्हती. त्या वर्षी भाऊबीजेला ते तिच्या खोलीवर गेले. शेजारच्यांनी सांगितलं, दार उघडलं नाही. बराच वेळ बाहेर उभे होते, मग ओवाळणी उंबऱ्यावर ठेवून गेले. सकाळी ओवाळणी तिथेच पडलेली होती.

पुढे साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभाला आमच्यापैकी कोणी गेलं नाही. त्यानंतर एका सकाळी मी टेम्पोची खिडकी उघडत होते. खाली चढावर बाईची हातगाडी येताना दिसली आणि गाडीच्या मागे एक टकला माणूस दिसला. बाई पुढून दांडा धरून ओढत होती आणि साहेब मागून खांदा लावून ढकलत होते. चढ संपला तसे ते थांबले, कपाळ पुसलं आणि आले तसे खाली निघून गेले. बाईने मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद पांघरून यायचे, थंडीत मफलर गुंडाळून. एक शब्द नाही. आमच्या मैदानाला त्याची सवय होऊन गेली.

एकदा मला राहवलं नाही. मी बाईला म्हटलं, "बाई, मांगून कोन ढकलते, माईत हाये ना तुमाले?"

"मले काय माईत?" ती वांगं सोलता सोलता म्हणाली. "चढावर हलकी लागते, एवढं समजते."

मला तिचा राग आला. साहेबांचा तर आधीपासूनच होता. दोघांपैकी एकाने तरी तोंड उघडावं असं फार वाटायचं, पण ती एकाच हाडाची माणसं होती. मला वाटलं, होईल कधीतरी. वर्ष-दोन वर्षं अशीच गेली.

साहेब गेले ते एकाएकी. पहाटे छातीत कळ आली, वाशीमला नेईपर्यंत संपलं. त्यांचा पुण्याला असलेला मुलगा आला. आम्ही सगळे गाड्या बंद ठेवून गेलो, ज्यूसवालाच सगळ्यात जास्त रडला. बाई डोक्याशी बसली होती. पाया पडायला येणाऱ्यांना जागा करून देत होती.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पुलावर तिची हातगाडी दिसली. चढ लागला तशी गाडी थांबली. बाईने जोर केला, गाडी थोडी वर आली, पुन्हा मागे सरकली. मी तेलाची कढई उतरवली आणि पळत खाली गेले. मागून हात लावला, खांदा लावला. गाडी हलली. चार पावलं गेल्यावर बाई थांबली. मागे न पाहताच तिने विचारलं, "कोन हाये?"

"मी हाये बाई. आलूबोंडा."

तिने दांडा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "हात काढ, पोरी. मले पाहू दे किती जड हाये ते."

मी हात काढला.